दौलतकाकांचे दोन शब्द

वऱ्हाडातल्या कारंज्यात माझं जे काही बरं झालं, ते दौलतकाकांमुळे झालं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून कुणालाही तसं वाटणार नाही. अनोळखी, परजिल्ह्यातल्या, एकट्या पोराला खोली द्यायला गल्लीत कुणी तयार नव्हतं. काकांनी दिली. का दिली, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्याकडे मोटारसायकल होती.

काकांची ख्याती अशी, की मेलेल्या माणसाबद्दल ते कधीही वाईट बोलत नाहीत. म्हणजे निदान मोक्षधामाच्या फाटकाच्या आत तरी नाही. फाटकाच्या बाहेर माझी गाडी उभी असते.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मी मूळचा सावंतवाडीच्या पुढचा. आमच्याकडे माणूस गेला की बाकीचे गप्प बसतात. वऱ्हाडात तसं नाही. चितेला अग्नी दिला की तिथेच पायऱ्यांवर, कट्ट्यावर, जागा मिळेल तिथे बसून शोकसभा भरते. एक जण सूत्रसंचालन करतो, मग एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो, शेवटी सगळे उभे राहून मौन पाळतात आणि आपापल्या घरी जातात. कारंज्याच्या आसपास कुठेही अशी सभा असली, की त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आता दौलतराव दोन शब्द बोलतील.’

काका पूर्वी कालव्यावर चौकीदार होते. गळा मात्र जयंतीच्या मंचावर तयार झालेला. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, पण मातीला जाताना काका कुणाचा धर्म विचारत नाहीत. अंत्यविधीला इकडे ‘माती’ म्हणतात. पेढीवाल्या शेटजींची माती असो, पाटलांची असो की गल्लीतल्या हमालाची, काकांचा पांढरा शर्ट खुंटीवर इस्त्री करून तयार. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी सायकल सोडली. व्हॉट्सअ‍ॅपवर निधनाचा मेसेज आला की तो मी वाचून दाखवायचा. मग काका शर्टात हात घालत म्हणतात, “चाल बे कोकन्या, गाडी काढ. मातीले जा लागते.”

मी मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. शेतातल्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि त्यात तांब्याची तार नव्याने भरायची, हे माझं काम. कोल्हापुरात शिकलो. तिथल्या उस्तादाच्या मेहुण्याचं दुकान कारंज्यात होतं, म्हणून इकडे आलो. माझे मालक फार मोठ्या मनाचे आहेत असं मला वाटायचं, कारण काकांनी हाक मारली की ते मला लगेच सोडत. नंतर कळलं, मालकांच्या वडिलांच्या मातीत काका इतकं बोलले होते, की त्या भाषणानंतर मालकांना नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

मारोतराव नावाच्या गृहस्थांच्या मातीला मी काकांचं भाषण पहिल्यांदा ऐकलं. काका उभे राहिले, खिशातली खडीसाखर जिभेवर ठेवली, डोळे मिटले. ऐकताना मला वाटलं, हा माणूस आपल्या खोलीच्या शेजारी राहतो तो नव्हेच. “मारोतराव म्हणजे या परिसराचा आधारवड! या वडाच्या सावलीत किती थकल्या-भागल्या जिवांनी विसावा घेतला, हे आज मोजणार कोण?” एक ‘ले’ नाही, एक ‘हाये’ नाही. बायका हुंदके देत होत्या. मारोतरावांना मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी माझ्या डोळ्यांत पाणी.

बाहेर आलो. काका मागे बसले. गाडी फाटकापासून जेमतेम लांब गेली असेल, तोच माझ्या कानाजवळ आवाज आला.

“सावली म्हनते! त्याच्या लिंबाखाली म्या एक डाव सायकल लावली होती, त त्यानं दोन्ही चाकातली हवा सोडून देल्ली.”

“काका, आत्ता तर तुम्ही...”

“समोर पाह्य. म्हैस आली.”

तेव्हापासून हा आमचा नेम झाला. आत अमृत, गाडीवर सत्य. एका सोपानरावांचा आत गौरव झाला तो ‘मितभाषी व्यक्तिमत्त्व’ म्हणून. गाडीवर काका म्हणाले, “मितभाषी काहून नाही राहीन? चोवीस तास तोंडात तंबाखूचा खर्रा. बोलला असता त शर्टावर पडला असता.” एका सावकारी थाटाच्या बाईंना आत ‘मायेचा झरा’ म्हटलं गेलं. गाडीवर त्या झऱ्याचं पाणी कसं होतं याचं वर्णन थेट नगरपालिकेच्या चौकापर्यंत चाललं. मी एकदा धीर करून विचारलं, “काका, मग आत खोटं का बोलता?” काका शांतपणे म्हणाले, “मंचाची शिस्त असते, बापू. तुले नाही समजाची.”

ते खरंच होतं. मंच म्हटला की मला घाम फुटतो. लोक गणितामुळे शाळा सोडतात, इंग्रजीमुळे सोडतात. मी नववीत शाळा सोडली, कारण प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर सुविचार सांगायची पाळी माझी आली होती. घरी अर्थात परिस्थितीचं कारण सांगितलं, आणि परिस्थितीही इतकी समंजस, की तिने मला खोटं पाडलं नाही. खरं कारण ओळखलं ते फक्त एका चुलत्याने. अशा माणसाच्या नशिबी वऱ्हाडातला सर्वांत मोठा वक्ता मागे बसवून फिरणं यावं, हा विनोद कुणी रचला कोण जाणे.

घरी काकांचा आणखी तिसराच अवतार. तिथे ते बोलतच नाहीत. काकू ताट वाढतात, काका जेवतात. काकू एकदा मला म्हणाल्या, “साऱ्या गावाच्या मेलेल्याची तारीफ करतेत. लगन झाल्यापासून माह्या भाजीले चांगलं म्हटलं नाही यायनं. आता काय मरा लागन मले?”

काका भाकरी मोडत म्हणाले, “घाई नोको करू,” आणि वाटी पुढे केली. काकूंनी ती भाजीने काठोकाठ भरली. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

माझी स्वतःची गंमत सांगायची तर ती या सगळ्याहून वाईट होती. गावी बाबांना दमा. घरचा फोन वाजला की मी दुकानाच्या मागे जायचो, भिंतीला पाठ टेकवायचो, मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घ्यायचो आणि मगच उचलायचो. कारंजा ते आमचं गाव म्हणजे गाड्या बदलत एक दिवस नि एक रात्र. तेवढ्या वेळात काय काय होऊ शकतं, हे मी रोज झोपण्याआधी मन लावून कल्पून ठेवायचो. आपण पोचायच्या आत बाबा गेले तर, ही एकच भीती. बाकीच्या सगळ्या तिच्या शाखा. फोनवर मात्र माझा आवाज टणटणीत. “हो बाबा, एकदम मस्त चाललंय. मालकांचं तर माझ्याशिवाय पानच हलत नाही.” तिकडून बाबा म्हणायचे, “माका काय धाड भरली? मी बरो आसय,” आणि मग फोनवर हात ठेवून खोकायचे. तो हात कधीच नीट बसायचा नाही.

एकदा काकांनी हे ऐकलं. म्हणाले, “तू बी भाषनच करतं की बे. अन् तुहा बाप बी.”

आता धनज नावाच्या गावचा प्रकार. विठ्ठलराव नावाचे काकांचे जुने ओळखीचे गेले. मी मेसेज वाचला, काकांनी शर्ट घातला, आम्ही निघालो. धनजच्या वेशीवर अंत्ययात्रा चाललेलीच दिसली. तिच्या मागे गाडी लावली. काकांना पाहताच तिथला सूत्रसंचालक खूश झाला आणि त्याने दुसऱ्याच क्रमांकाला त्यांचं नाव पुकारलं. काका उठून पुढे गेले. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागे, कडुलिंबाच्या बुंध्याला चिकटून उभा. सहज शेजारच्या माणसाला विचारलं, “विठ्ठलराव आजारी होते का?”

तो म्हणाला, “कोनते विठ्ठलराव? हे त भीमरावजी हायेत.”

मी खिशातून फोन काढला. मेसेज मी अर्धाच वाचला होता. विठ्ठलराव धनजचे हे खरं, पण माती त्यांच्या मुलाकडे, पलीकडच्या गावात होती.

आता करायचं एवढंच होतं, की पुढे जायचं आणि काकांच्या कानात चार शब्द सांगायचे. पण मध्ये सगळं गाव बसलेलं. सगळ्यांच्या नजरा पुढे. मी एक पाऊल टाकलं, दोघा-तिघांनी मागे वळून पाहिलं, मी ते पाऊल परत घेतलं. तोवर काकांनी डोळे मिटले होते. “आमचे हे मित्र,” काका म्हणाले, “कमी बोलले, पण जास्त जगले. त्यांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही. त्यांच्या हातून कुणाचं वाईट झालं असेल, असं सांगणारा एक माणूस इथे उभा करा.” कुणी उभं राहिलं नाही. लोक डोळे पुसत होते. मौनानंतर त्या भीमरावांची मुलगी काकांपाशी आली आणि वाकली. म्हणाली, “आमच्या बाबाले तुमीच ओळखलं, भाऊ. इथं कोनाले समजले नाही ते.”

गाडीवर बसेपर्यंत काका प्रसन्न होते. मग मी सांगितलं.

मागून काकांचा हात माझ्या खांद्यावर आला. मग, “कोन होता बे तो?”

“माहीत नाही, काका.”

“मी पाह्यला होता काय त्याले कधी?”

“नसेल.”

काकांची फार पंचाईत झाली. आतलं बोलून झालं होतं, आता बाहेरचं बोलायची वेळ होती, आणि बोलायला काही नव्हतं. अडकलेली शिंक घेऊन बसावं तसे ते मागे चुळबुळत होते. शेवटी म्हणाले, “निदान खर्रा त खात असंन.” पण त्यात जोर नव्हता.

पलीकडच्या गावात पोचलो तेव्हा विठ्ठलरावांची सभा नुकती सुरू होत होती. काकांनी तिथे तेच भाषण केलं, शब्दाला शब्द. तिथेही लोक रडले. परत येताना काका म्हणाले, “विठ्ठल लय आतल्या गाठीचा होता. खरं सांगू काय, ते भाषन त्या दुसऱ्यालेच चांगलं बसलं.”

आणि मग माझा फोन आला.

दुपारची वेळ, दुकानात एक मोटार उघडून बसलो होतो. मी रीतसर मागे गेलो, भिंतीला टेकलो, देवांची नावं घेतली. चुलतभाऊ होता. “बापूस गेलो रे तुझो,” म्हणाला. संध्याकाळी आग देणार होते. थांबणं शक्य नव्हतं, आणि मी पोचणंही. मी “बरं” म्हणालो, आत आलो आणि पुन्हा तार भरायला बसलो. उलटी भरत होतो, हे मालकांनी नंतर सांगितलं.

थोड्या वेळाने काका दुकानाच्या दारात उभे. समोरच्या टपरीवर चहा पीत होते, तिथून त्यांनी मला मागे जाताना पाहिलं होतं, आणि नेहमीचा टणटणीत आवाज ऐकला नव्हता.

“आज फोनवर मस्त नाही म्हटलं तू,” ते म्हणाले. “कोन गेलं?”

“बाबा.”

काका निघून गेले. अर्ध्या तासाने परत आले ते पांढरा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी. मागे काकू. काकूंनी माझी पिशवीही भरून आणली होती.

“चाल. एसटीनं जाऊ.”

“काका, तुम्ही कशाला? फार लांब आहे. आणि माती आजच होणार.”

“माती होईन. दुखात बसाले त जा लागते.”

मला स्वतःची लाज वाटते, पण जे झालं ते असं: पुण्यापर्यंत मी बाबांसाठी रडलो आणि पुण्याच्या पुढे काकांच्या भाषणाला घाबरलो. आमच्या गावात कुणी मेल्यावर भाषण करत नाही. तिथे हे उभे राहणार, डोळे मिटणार आणि आधारवड काढणार. आमचे बाबा पाच फूट उंच, छातीचा भाता झालेले, दुसऱ्याच्या बागेत नारळ सोलून जगलेले. वडाची पारंबी म्हटलं असतं तरी गाव हसलं असतं. घाट उतरताना मी दोनदा तोंड उघडलं. “काका, आमच्याकडे...” एवढंच म्हणालो. काका म्हणाले, “झोप थोडा,” आणि माझ्या डोक्यामागे स्वतःचं उपरणं घडी करून ठेवलं.

घरी पोचलो तेव्हा खळ्यात, म्हणजे अंगणात, माणसं बसली होती. आई दारात. ती मला पाहून उठली नाही, तिने फक्त हात पुढे केला. तिच्याजवळ किती वेळ बसलो माहीत नाही. नंतर चुलत्याने विचारलं, “हे कोण रे?” मी म्हटलं, “घरमालक.” चुलता कसनुसा झाला. घरमालक मयताला येतो हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. काका कोपऱ्यात बसून कोरा चहा पीत होते. आजूबाजूची मालवणी त्यांना कळत नव्हती आणि ते प्रत्येकाला मान हलवून “हो, हो” म्हणत होते.

मग त्यांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि उभे राहिले.

पण काकांनी खडीसाखर काढली नाही. डोळेही मिटले नाहीत. आणि बोलले ते गाडीवरच्या भाषेत.

“मी कारंज्याहून आलो. ह्या मानसाले मी पाह्यलं नाही, म्हनून त्याच्याबद्दल मले काही सांगता येत नाही. त्याच्या पोराले मी रोज पाह्यतो. आमच्याकडं कोनाची मोटार जळली, पीक वाळून राह्यलं, त लोक ह्याच्याकडं येतेत. हा हात लावते अन् विहिरीचं पानी चालू होते. लय दिवसांपासून वाटे, असा पोरगा ज्यानं घडवला त्याले एक डाव पाहाव. यायले उशीर झाला. माफ करा.”

आणि खाली बसले.

खळ्यात कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलतच नाहीत. पण ‘सुविचाराक भिऊन पळालेलो’ अशी माझी ओळख गावात करून देणारा चुलता माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. आणि आईने डोक्यावरचा पदर नीट केला, मोठा माणूस घरी आल्यावर करते तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना एसटीच्या थांब्यावर सोडायला गेलो. मला तेराव्यापर्यंत राहायचं होतं. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “काका, काल मोटारींबद्दल जे बोललात...”

“काहून? दोन मोटारी त तुह्याच हातानं जळल्या ना. पाटलाच्या मोटारीतून त असा धूर निघे, का त्याले वाटलं रसवंती चालू झाली.”

बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता जे बांधून धरलं होतं ते सगळं सुटलं. काका दुसरीकडे बघत उभे राहिले. मला सावरायला जेवढा वेळ लागला तेवढा त्यांनी दिला. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले,

“माह्या बापाच्या मातीत चार मानसं होते. खांद्याले पुरले, बस. जलमभर लोकाच्या वावरात राबला. पन दोन शब्द कोनी बोललं नाही. खोटं बोलाले बी कोनी नव्हतं.” पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, “मी होतो. लहान होतो. मले बोलता येत नव्हतं.”

एवढ्यात गाडी आली. काका चढले, खिडकीपाशी बसले आणि भरल्या गाडीसमोर मंचावरच्या आवाजात मला म्हणाले, “मायकडं लक्ष देजो! अन् थंड्या पान्यानं आंघोळ करू नोको, सर्दीचा मानूस हायेस तू!” सगळी गाडी माझ्याकडे पाहू लागली. मी नेहमीप्रमाणे झाडामागे सरकलो.

तेरावा झाल्यावर कारंज्याला परतलो. काकू म्हणाल्या, गल्लीत सगळे काकांना विचारत होते, कोकणात गेलते तर समुद्र पाह्यला का? काकांचं उत्तर, “मातीले गेलतो, फिराले नाही.” समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर नसला, तरी एका एसटीच्या अंतरावर आहे. तोही त्यांनी पाहिला नाही. आमच्या घरी कोऱ्या चहाशिवाय काही घेतलं नाही. आई अजून फोनवर तेच बोलते, “तेंका एकदा नीट घेऊन ये रे. उपाशी गेले ते.” मी विचार करून पाहिलं, तर मी ओळखायला लागल्यापासून काका कुणी मेल्याशिवाय कुठल्याच गावाला गेलेले नाहीत.

तेव्हा मी ठरवलंय. एक दिवस काका-काकूंना आमच्या गावी नेणार आहे, घरात सगळे धडधाकट असताना. आई वडे-सागोती करील. समुद्र दाखवीन. आणि संध्याकाळी खळ्यात तीच माणसं बोलावीन, काकांना मधोमध बसवीन आणि त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलेन. खरे. आवाज चिरकेल, कदाचित दोनाच्या वर शब्द फुटणारही नाहीत. पण बोलेन, आणि काका समोर बसून ऐकत असतील.